काकांचा दुसरा रिपोर्ट

वहिनीने भिंगच्या निवृत्तीसाठी मूत्रपिंडाच्या आकाराचा केक मागवला, तेव्हाच खरं तर ओळखायला हवं होतं की हा शनिवार सरळ जाणार नाही. केकवाल्याला तिने फोनवर तीन-तीनदा समजावलं होतं, "अहो, घेवड्याचा दाणा असतो ना, तसा. पण मोठा. आणि लालसर." त्याने जे पाठवलं ते दादाला बुटासारखं दिसलं. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. काकांनी मात्र खिडकीपाशी बसल्या जागेवरून मान वाकडी करून केकची नीट पाहणी केली आणि विचारलं, "डावं की उजवं?"

"आं?" वहिनी म्हणाली.

"डावं असेल तर मला दुप्पट वाढ. माझं भरून काढायचंय."

सगळे खो खो हसले. भिंगही हसली, पण तिचे डोळे घड्याळाकडे होते. दुपारचे बारा वाजले होते. चार वाजता तिचं निरोपाचं व्याख्यान होतं आणि काकांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

भिंग हे नाव काकांनीच ठेवलेलं. सातव्या वर्षी ती त्यांच्या चष्म्यातून मुंग्या बघायची म्हणून. पुढे ती पॅथॉलॉजिस्ट झाली, वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाली आणि मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट ह्यांचे कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यात तिने एकतीस वर्षं घालवली. लांबलांबून पेशींच्या काचा तपासायला यायच्या तिच्याकडे. दादाला मात्र बहिणीचा हा विषय चारचौघांत सांगताना घाम फुटायचा. "ती पोटाचं बघते," असं तो सांगायचा, आणि लोक तिला आपल्या अपचनाविषयी विचारायचे.

ह्या सगळ्याची सुरुवात काकांच्या डाव्या किडनीपासून झाली होती. त्या वेळी काका अठ्ठेचाळीस वर्षांचे, अविवाहित, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणारे. किडनीत गाठ निघाली, किडनी काढली, आणि ती तपासायला आली ती नुकत्याच नोकरीला लागलेल्या पुतणीच्या टेबलावर. विभागप्रमुख आठवडाभर रजेवर. काका वॉर्डात तळमळत पडलेले. भिंगने काच एकटीने पाहिली, एकटीने सही केली आणि संध्याकाळच्या आत रिपोर्ट वॉर्डात पोचवला. कॅन्सर. ती तिच्या स्वतःच्या नावाची पहिली सही.

सर्जनने काकांना दोनच वर्षं उरल्याची भीती घातली. मग काकांनी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वॉर्डाच्या सिस्टरना लग्नाचं विचारलं. ह्याच सिस्टरांच्या क्वार्टर्समध्ये ते अकरा वर्षं दर महिन्याला मीटर वाचायला जायचे, आकडा लिहून घ्यायचे, पाणी प्यायचे आणि मुकाट परत यायचे. सिस्टर म्हणाल्या, "आधी रिपोर्ट दाखवा." त्यांनी तो उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "शनिवारी मला सुट्टी असते."

त्या झाल्या काकू. काका त्यांना अजूनही 'सिस्टर' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. वहिनीला ते तीस वर्षांत सवयीचं झालेलं नाही.

आणि काका मेले नाहीत. दोन वर्षं गेली, पाच गेली, तीस गेली. ते कॅन्सरमधून उठलेल्या लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. 'मी आणि माझा शत्रू' हे भाषण त्यांनी शाळांत, बँकांत, वाचनालयांत मिळून चारशेवर वेळा ठोकलं होतं, आणि आज भिंगच्या व्याख्यानानंतर दहा मिनिटं ते पुन्हा ठोकणार होते. अधिष्ठात्यांनी खास पत्र पाठवून बोलावलं होतं.

"दादा," भिंग म्हणाली, "जरा स्वयंपाकघरात ये. वहिनी, तूही."

स्वयंपाकघरात भाची, दादाची मुलगी, आधीच ओट्याला टेकून उभी होती. तीही पॅथॉलॉजीच शिकत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. कॉलेजच्या तळघरातल्या कपाटातून काकांच्या गाठीचा तुकडा जपलेला, एकतीस वर्षांपूर्वीचा मेणाचा ठोकळा तिनेच शोधून काढला होता. आत्याला निरोपाच्या व्याख्यानात आपली पहिली केस दाखवायची होती, म्हणून ठोकळ्यातून नवी पापुद्र्याएवढी चकती कापली, त्या काळी नसलेले रंग तिला दिले, आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यानंतर आत्या तीन आठवडे नीट जेवली नव्हती.

"कॅन्सर नव्हता," भिंगने दार लोटून सांगितलं. "साधी गाठ होती. कुठे पसरणारी नाही, जीव घेणारी नाही. मी चुकले."

दादा मटकन स्टुलावर बसला.

"नक्की?"

"नकारघंटेला दाखवली." नकारघंटा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तिसऱ्यांदा बघितल्याशिवाय तो कशालाच हो म्हणत नसे. "नाव न सांगता दिली. अर्ध्या मिनिटात सही केली त्याने. जुना निष्कर्ष सांगितला तर वर विचारतो, हिला कॅन्सर म्हणणारं गाढव कोण?"

"मग?"

"मी म्हटलं, मी."

वहिनीने पदराने तोंड दाबलं. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"सांगू नकोस," दादा म्हणाला. "एकोणऐंशीचा माणूस. त्याचा कॅन्सर काढून घेतलास तर त्याच्याकडे उरलं काय?"

"उजवी किडनी," वहिनी म्हणाली. "मी म्हणते, सांगच. तीस वर्षांत ह्या घरात त्यांनी एक खुर्ची उचललेली नाही. 'मला जड उचलायचं नाही हं.' खिडकीची जागा त्यांची. पहिलं ताट त्यांचं. माझ्या बाळंतपणात आधी त्यांना विचारायचे, दमलात का म्हणून!"

"आई, मुद्दा तो नाहीये," भाची म्हणाली. "त्यांच्या परवानगीशिवाय आत्याला ती काच दाखवता येणार नाही."

"मग नको दाखवूस," दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणाची दाखव."

"आणि नंतर?" भिंग म्हणाली. "ते माझ्या शेजारून उठून तीनशे विद्यार्थ्यांना सांगणार, मी कॅन्सरला कसं हरवलं. आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू?"

दादा स्टुलावरून उठला. तो निवृत्त मुख्याध्यापक. विद्यार्थ्यांपुढे खोटं हे म्हटल्यावर त्याचं पारडं फिरलं. "नाही, मग सांगायलाच हवं," तो म्हणाला. पण तेवढ्यात वहिनीचा चेहरा उतरला.

"थांबा. काकूचं काय?"

"काकूचं काय?"

"अहो, लग्न त्या रिपोर्टावर झालंय त्यांचं!"

कुकरची शिट्टी झाली. चौघंही दचकले.

"नको गं सांगू," वहिनी म्हणाली.

"आता तर सांगायलाच पाहिजे," दादा म्हणाला.

"तुम्ही आत्ताच तर उलट म्हणत होतात!"

"तूही!"

"काय सांगायला पाहिजे?" दारातून काकूंचा आवाज आला. हातात रिकामा तांब्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचे कान; बंद दाराने त्यांना कधी अडवलं नव्हतं. त्यांनी चौघांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं, तांब्या ओट्यावर ठेवला आणि भिंगला म्हणाल्या, "जे काय असेल ते ह्यांच्यासमोर सांग. मला आधी आणि ह्यांना मागून, असलं चालणार नाही."

बाहेर काका सुरी घेऊन केकवर वाकले होते. भिंग त्यांच्यासमोर जाऊन बसली. तीन आठवडे तिने मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"काका, तुम्हाला कॅन्सर नव्हता."

"आता नाहीच आहे. एकतीस वर्षं झाली."

"तेव्हाही नव्हता. गाठ साधी होती. मी चुकीचा रिपोर्ट दिला. नवी काच बघितली, दोघांनी बघितली. माझी चूक झाली, काका."

काका सुरी धरून तसेच राहिले. "मग माझी किडनी?"

"गाठ होतीच. बाहेरून बघून साधी की वाईट हे तेव्हा कळायचं नाही, त्यामुळे किडनी काढावीच लागली असती. ती माझ्यामुळे गेली नाही." भिंगने केक बाजूला सारला. "भीती मात्र मी दिली. एकतीस वर्षांची. दर वर्षी तपासणीला जाताना तुमचे हात गार पडायचे ते मी बघितलंय. ते माझ्यामुळे."

काकांनी सुरी हळूच खाली ठेवली.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी दोन वर्षांपेक्षा जास्त वॉरंटीची वस्तू कधी घेतली नाही, ते..."

"उगाच," भाची म्हणाली.

"त्या फ्रिजला पाच वर्षांची मिळत होती गं! मी म्हटलं, दुकानदाराचा उगाच फायदा!" आणि काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. दादाही हसला, वहिनी तर भिंतीला धरून हसली. मग काकांचं हसू मध्येच अडलं. "आणि माझी भाषणं? पोरांना मी सांगितलं, शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालून बघा. तो शत्रू नव्हताच?"

"शेजारी होता," वहिनी म्हणाली. "निरुपद्रवी."

"तू गप गं! चारशे भाषणं! लोकांनी मला शाल-नारळ देऊन मिरवलं, आणि मी हरवलं कुणाला? एका गरीब गाठीला?" आता काका खरोखरच संतापले होते. भिंगने मान खाली घातली. हे तिला मिळायलाच हवं होतं, आणि मिळतंय ह्याचं तिला बरंच वाटलं.

"अहो," काकू म्हणाल्या. त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी एक विचारू?"

"विचारा, सिस्टर."

"मरायची भीती नसती, तर तुम्ही मला विचारलं असतं का?"

इथे कुठल्याही शहाण्या नवऱ्याने डोळे मिटून 'हो' म्हटलं असतं. काका शहाणे नव्हते, प्रामाणिक होते. त्यांनी विचार केला. चांगला लांबलचक विचार केला.

"सिस्टर, अकरा वर्षं मी मीटर वाचत होतो," ते शेवटी म्हणाले. "बाराव्या वर्षीही बहुतेक वाचलाच असता."

काकूंनी पर्स उचलली. "चारला ना गं व्याख्यान? मी चालत जाते." आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या. दार आपटलं नाही, हेच जास्त वाईट वाटलं.

"सकाळी माझी एक चूक होती," भिंग म्हणाली. "आता दोन झाल्या."

केक कुणीच कापला नाही.

गाडीत काका पुढे बसले. भाषणाचे कागद मांडीवर. दादा गाडी चालवत होता. तीन सिग्नल गेले.

"भिंगे, दाखव ती काच," काका अचानक म्हणाले.

"काका, नको. मी दुसरी आणलीय बरोबर."

"दाखव म्हणतो ना. माझं नाव सांगून दाखव. तुझी चूक तू लपवली नाहीस, मग माझं खोटं मी कशाला मिरवू?" मग खिडकीतून बाहेर बघत ते हळू आवाजात म्हणाले, "मला वेगळंच खातंय. मी घाबरून विचारलं, ते ठीक. पण तिने हो का म्हटलं असेल? रिपोर्ट वाचून म्हटलं तिने. दया आली असेल?"

भिंगने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि मंडळी पोचेपर्यंत तो काढला नाही.

सभागृह खचाखच भरलं होतं. उतरत्या रांगा, वरच्या बाकांवर चुळबुळणारे विद्यार्थी, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. पहिल्या रांगेत काकूंच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी होती. काकू तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर उभी धरून. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर पडद्याकडे बघत राहिल्या.

भिंगने पहिलं चित्र लावलं. पडदाभर गुलाबी पेशी पसरल्या, गोबऱ्या, एकसारख्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"ही माझी पहिली सही," ती म्हणाली. "आणि ती चूक होती."

चुळबूळ थांबली. तिने सगळं सांगितलं. प्रमुख रजेवर होते, रुग्ण माझे सख्खे काका होते, त्यांची तळमळ मला बघवेना, म्हणून मी कुणासाठी थांबले नाही. "माझ्या विभागात दोघांनी पाहिल्याशिवाय आणि दोघांनी सही केल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. तुम्ही ह्या नियमावरून मला काय काय नावं ठेवता ते मला माहीत आहे. तो नियम मी शिस्तीसाठी केला असं तुम्हाला वाटतं. मी तो भीतीपोटी केला. त्या दिवशी घाई केली होती, एवढं मनाला कुठेतरी कळत होतं. बाकीचं कळायला एकतीस वर्षं लागली. ज्या किडनीसाठी मी हा विषय निवडला, तिला कॅन्सर नव्हताच." मागच्या रांगेत नकारघंटा मोठ्याने खाकरला. "रुग्ण इथे आहेत. त्यांनी मला परवानगी दिली आहे."

काका उठले. भाषणाचे कागद खुर्चीवरच ठेवून व्यासपीठावर चढले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"मी कॅन्सरला हरवलं, हे मी चारशे वेळा सांगितलं," ते म्हणाले. "आज दुपारी मला कळलं की सामना झालाच नव्हता."

सभागृह फुटलं. हसणं थांबेपर्यंत काका थांबले. ती सवय त्यांना होतीच.

"पण त्या दिवसांत मी एक गोष्ट खरीखुरी केली. घाबरून केली, हे कबूल. आज दुपारी मला विचारलं गेलं की घाबरलो नसतो तर केली असती का. मी मूर्खासारखं उत्तर दिलं. म्हणून आता परत विचारतो." त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "सिस्टर, मला काहीही झालेलं नाही. मी एकोणऐंशीचा आहे, रक्तदाब चांगला, किडनी एक. मरणार आहे, पण कधी ते ह्या हॉलमधल्या सगळ्यांइतकंच मलाही माहीत नाही. कसलीही घाई नाही. माझ्याशी लग्न कराल?"

तीनशे माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. काकू सावकाश उभ्या राहिल्या.

"आधी रिपोर्ट दाखवा," त्या म्हणाल्या.

भिंगने पर्समधून पाकीट काढलं आणि पायऱ्या उतरून गेली. काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. ठोकळ्याचा क्रमांक, तारीख, रंगांची नावं, निष्कर्ष. कागद उलटवून मागची कोरी बाजूही पाहिली. वरच्या बाकावरून कुणीतरी "लवकर!" असं कुजबुजलं आणि शेजाऱ्याची कोपरखळी खाल्ली.

"दोन सह्या आहेत," काकू म्हणाल्या. "बरं." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी तेव्हा रिपोर्ट का मागितला, ते तुम्हाला माहीत नाही. दोनच वर्षं मिळणार असतील तर रजा किती काढायची, ते बघायचं होतं मला." त्यांचा आवाज हॉलभर ऐकू येत होता, त्यांना माइक कधीच लागला नाही. "मीटर आमच्या गेटाच्या बाहेर होता, अहो. आत यायचं तुम्हाला कारणच नव्हतं. तरी अकरा वर्षं पाणी मागायला आत यायचात. आणि मी दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारची ड्यूटी बदलून घरी थांबायचे."

काकांच्या हातातला माइक खाली आला. ते काहीतरी बोलले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"हो," काकू म्हणाल्या. "पण आता घरातल्या खुर्च्या तुम्ही उचलायच्या."

वहिनीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. काका वळले. व्यासपीठावर अध्यक्षांसाठी ठेवलेली लाकडी, हातांची, भली जड खुर्ची होती, आणि अधिष्ठाता टाळ्या वाजवायला नुकतेच तिच्यावरून उठले होते. काकांनी ती एकट्याने उचलली. "काका, जपून!" दादा ओरडला. काकांनी लक्ष दिलं नाही. पायऱ्या उतरून त्यांनी ती तिसऱ्या रांगेच्या कडेला, काकूंच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले. धापा टाकत होते. काकूंनी सवयीने त्यांची नाडी धरली आणि मग हात सोडलाच नाही.

भिंग पडद्यापाशी परत आली. डोळे इतके भरले होते की तिला पुढचं बटण दिसेना. पडद्यावर त्या गुलाबी पेशी अजून तशाच बसल्या होत्या, कुणाचंही काही न बिघडवता.

"थांबलीस का, भिंगे?" काकांनी तिसऱ्या रांगेतून हाक दिली. "पुढची काच लाव."